जागा वाढवली, तरी लिनक्सला ती दिसत का नाही?

व्हर्च्युअल मशीनची डिस्क २० जीबीवरून ४० जीबी केली, मशीन बंद करून पुन्हा चालू केले, तरी लिनक्स अजून २० जीबीच दाखवते. मग वाढवलेली जागा गेली कुठे? सर्व्हर सांभाळणारे, क्लाउडवर भाड्याने मशीन घेणारे, घरच्या लॅपटॉपवर विंडोजशेजारी लिनक्स बसवणारे, अशा सगळ्यांना हा प्रश्न कधी ना कधी पडतो.

जागा कुठेही गेलेली नसते. डिस्क वाढलेली असते, पण तिच्यावर बसलेल्या थरांच्या नोंदी जुन्याच राहिलेल्या असतात. ते थर कोणते, त्यांच्या नोंदी कोणत्या क्रमाने बदलायच्या आणि मध्येच काम अडले तर कुठे पाहायचे, हे या प्रकरणात टप्प्याटप्प्याने दिले आहे. कमांडची नावे आणि संगणकाचे संदेश येथे उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. टर्मिनलवर कमांड रोमन लिपीतल्या छोट्या अक्षरांत टाइप करावी लागते; नावातला टू म्हणजे २ हा अंक.

१. एकावर एक बसलेले थर

सगळ्यात खाली असते डिस्क. संगणकाच्या दृष्टीने डिस्क म्हणजे सेक्टरांची लांबलचक रांग. एक सेक्टर सहसा ५१२ बाइटचा धरला जातो आणि प्रत्येकाला शून्यापासून क्रमांक असतो. लिनक्स पहिल्या डिस्कला बहुधा एसडीए म्हणते.

डिस्कवर दुसरा थर पार्टिशनांचा. कोणते पार्टिशन कितव्या सेक्टरला सुरू होते आणि कितव्या सेक्टरला संपते, हे एका छोट्या तक्त्यात लिहिलेले असते. या तक्त्याचे दोन प्रकार आहेत. जुना एमबीआर डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये मावतो आणि त्यात फक्त चार मुख्य पार्टिशने नोंदवता येतात. नवा जीपीटी सुरुवातीला मूळ तक्ता ठेवतो आणि डिस्कच्या अगदी शेवटी त्याची दुसरी प्रत. एसडीए१, एसडीए२ ही नावे या तक्त्यातल्या नोंदींची असतात.

तिसरा थर फाइल सिस्टिमचा. फायली कुठे आहेत, कोणते ब्लॉक मोकळे आहेत, हा सगळा हिशेब ती ठेवते. एकूण ब्लॉक किती, ही संख्या ती सुपरब्लॉक नावाच्या स्वतःच्या नोंदीत लिहून ठेवते. फाइल सिस्टिम तयार झाली त्या दिवशी पार्टिशन जेवढे होते, तेवढी ही संख्या असते. पुढे पार्टिशन बदलले, तरी ती आपोआप बदलत नाही.

शेताच्या गटाशी ही रचना ताडून पाहता येते. गटाची जमीन म्हणजे डिस्क, मोजणीच्या नकाशावर पाडलेले हिस्से म्हणजे पार्टिशने, आणि हिश्श्यात प्रत्यक्ष वहितीखाली आणलेले रान म्हणजे फाइल सिस्टिम. शेजारची जमीन विकत घेतली म्हणून नकाशावरची हद्द सरकत नाही, आणि नकाशावर हद्द सरकली म्हणून तिथे नांगर फिरत नाही. तिन्ही कामे वेगवेगळी करावी लागतात.

२. क्रमाचा नियम

या रचनेतून एक नियम निघतो आणि पुढची सगळी दुरुस्ती त्यावर उभी आहे. वाढवताना बाहेरून आत यायचे: आधी डिस्क, मग पार्टिशन, शेवटी फाइल सिस्टिम. कमी करताना आतून बाहेर जायचे: आधी फाइल सिस्टिम, मग पार्टिशन, शेवटी डिस्क.

कारण सोपे आहे. आतला थर बाहेरच्या थरापेक्षा लहान असला, तर थोडी जागा वापराविना राहते, एवढेच. आतला थर मोठा झाला, तर फाइल सिस्टिम स्वतःच्या मालकीच्या नसलेल्या सेक्टरांवर हक्क सांगू लागते. तिथे दुसऱ्या पार्टिशनची माहिती असू शकते किंवा डिस्कच संपलेली असू शकते. पहिली स्थिती निरुपद्रवी आहे. दुसरीत डेटा जातो. काम कोणत्याही टप्प्यावर थांबले, तरी आतला थर बाहेरच्यापेक्षा मोठा नसावा, याची काळजी हा क्रम घेतो.

या कामातल्या बहुतेक त्रुटी-संदेशांचा अर्थही एकच असतो: शेजारच्या दोन थरांचे शेवट कुठे आहेत, याबद्दल त्यांच्या नोंदी जुळत नाहीत. कोणत्या दोन थरांत मतभेद आहे, हे ओळखले की अर्धी दुरुस्ती झाली.

३. हात लावण्याआधी निदान

निदानासाठी तीन आकडे पुरतात, आणि ते मिळवणाऱ्या कमांड डिस्कवर काहीही लिहीत नाहीत.

पहिली कमांड एलएसबीएलके. ती डिस्क आणि तिच्या पोटातली पार्टिशने झाडासारखी मांडून दाखवते. एसडीएसमोरचा आकडा डिस्कचा, एसडीए१समोरचा पार्टिशनचा. दुसरी कमांड डीएफ, -एच या पर्यायासह. ती माउंट असलेल्या, म्हणजे वापरासाठी जोडलेल्या, फाइल सिस्टिमचा आकार सांगते. तिन्ही आकडे शेजारी मांडले की अडचण कुठे आहे ते दिसते.

डिस्क २०, पार्टिशन २०, फाइल सिस्टिम २० असे दिसले, तर डिस्क वाढल्याची बातमी कर्नलपर्यंतच पोहोचलेली नाही. चालू मशीनची आभासी डिस्क बाहेरून वाढवली की असे होते. एससीएसआय पद्धतीच्या डिस्कसाठी सिस फोल्डरमधल्या तिच्या रीस्कॅन नावाच्या फायलीत १ हा अंक लिहिला की कर्नल आकार पुन्हा मोजतो. मशीन पुन्हा चालू केल्यानेही तेच होते.

डिस्क ४०, पार्टिशन २०, फाइल सिस्टिम २० असे असेल, तर तक्त्यातली नोंद जुनी आहे. डिस्क ४०, पार्टिशन ४०, फाइल सिस्टिम २० असेल, तर फक्त शेवटचा टप्पा उरला आहे.

डीएफचा आकडा पार्टिशनपेक्षा एकदोन टक्क्यांनी कमी दिसला, तर तो दोष समजू नये. ईएक्सटी४ फाइल सिस्टिम नेहमीच्या मांडणीत दर १६,३८४ बाइटमागे २५६ बाइटची एक आयनोड नोंद राखून ठेवते. म्हणजे चौसष्टावा भाग तिथेच जातो.

तिसरी कमांड पार्टेड. तिला प्रिंट फ्री असे सांगितले की पार्टिशनांमधली मोकळी जागा कुठे आहे, ते दिसते. जागा किती आहे याइतकेच ती कुठे आहे हेही महत्त्वाचे असते. पार्टिशन फक्त त्याला लागून असलेल्या मोकळ्या जागेत वाढू शकते.

४. सरळ उदाहरण: २० चे ४०

डिस्क ४० ची झाली आहे, एसडीए१ हे एकमेव पार्टिशन २० चे आहे, त्यावर ईएक्सटी४ आहे आणि संपूर्ण प्रणाली त्यातूनच चालते, असे धरू या. दोन कमांड पुरतात.

पहिली ग्रोपार्ट. तिला डिस्कचे नाव आणि पार्टिशनचा क्रमांक असे दोन वेगळे शब्द द्यायचे असतात: आधी एसडीएचा पूर्ण मार्ग, मग मोकळी जागा सोडून १. अनेक जण सवयीने एसडीए१ असे जोडून लिहितात आणि कमांड चालत नाही. ग्रोपार्ट पार्टिशनची सुरुवात तशीच ठेवून शेवट पुढे सरकवते. दुसरी कमांड रिसाइझ-टू-एफएस. तिला मात्र पार्टिशनचे पूर्ण नाव द्यायचे. ईएक्सटी४ वापरात असतानाच वाढवता येते, त्यामुळे मशीन बंद करण्याची गरज पडत नाही.

ग्रोपार्ट न चालवता थेट दुसरी कमांड दिली, तर उत्तर येते: फाइल सिस्टिम आधीच ५२,४२,६२४ ब्लॉकची आहे, नथिंग टू डू. हा आकडा ४,०९६ बाइटच्या ब्लॉकांत असतो. गुणाकार केला की २० जीबीला एक एमबी कमी असे उत्तर मिळते. सुरुवातीचा एक एमबी, म्हणजे २,०४८ सेक्टर, पार्टिशनच्या आधी मोकळा सोडलेला असतो. म्हणजे पार्टिशन अजून जुन्याच आकाराचे आहे, असे हा संदेश सांगतो. फाइल सिस्टिम ठीक आहे; बाहेरचा थर वाढवायचा राहिला आहे.

ग्रोपार्ट नसेल, तर एफडिस्कने पार्टिशन काढून पुन्हा तयार करण्याची जुनी रीत आहे. नोंद पुसली म्हणून आतला डेटा पुसला जात नाही, म्हणून ती चालते. पण दोन गोष्टी चुकता कामा नयेत. नव्या पार्टिशनची सुरुवात जुन्याच सेक्टरवर हवी. जुन्या काळच्या डिस्कवर पहिले पार्टिशन ६३व्या सेक्टरला सुरू होई. आजचा एफडिस्क आपणहून २,०४८ सुचवतो. तो स्वीकारला, तर फाइल सिस्टिमचे तोंडच हरवते आणि ती माउंट होत नाही. दुसरी गोष्ट: जुन्या फाइल सिस्टिमची खूण सापडली, ती पुसायची का, असे एफडिस्क विचारतो. उत्तर नाही असेच द्यायचे.

क्लाउडवरील बऱ्याच तयार प्रतिमांमध्ये क्लाउड-इनिट नावाचा प्रोग्रॅम ही दोन्ही कामे मशीन सुरू होताना आपोआप करतो. रास्पबेरी पायची प्रणालीही पहिल्यांदा सुरू होताना संपूर्ण मेमरी कार्ड व्यापून घेते. तिथे हाताने काही करण्याची वेळ क्वचितच येते.

५. वाढवताना काम कुठे अडते

मध्ये बसलेले स्वॅप. डेबियनच्या अनेक जुन्या मांडण्यांत एसडीए१ नंतर लगेच एसडीए२ हे विस्तारित पार्टिशन आणि त्याच्या पोटात एसडीए५ हे स्वॅप, म्हणजे मेमरी अपुरी पडली की वापरायची जागा, असते. वाढवलेली जागा या दोघांच्या पलीकडे राहते आणि एसडीए१ ला तिचा स्पर्शच होत नाही. ग्रोपार्ट अशा वेळी नोचेंज असे उत्तर देते. स्वॅपमध्ये कायमचा डेटा नसतो, म्हणून ते हलवणे सोपे आहे. आधी स्वॅपऑफने ते बंद करायचे, मग दोन्ही नोंदी काढायच्या, एसडीए१ वाढवायचे आणि स्वॅप नव्या जागी किंवा साध्या फायलीत तयार करायचे. यानंतरचा टप्पा बहुतेक जण विसरतात. नव्या स्वॅपला नवा यूयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, मिळतो. एफएसटॅब या फायलीत जुनाच क्रमांक राहिला, तर मशीन सुरू होताना प्रणाली त्या नाहीशा झालेल्या पार्टिशनची दीड मिनिट वाट पाहत बसते. डेबियन आणि उबुंटूत हाच क्रमांक रिझ्यूम नावाच्या आणखी एका फायलीतही असू शकतो. तोही बदलून इनिट्रॅमएफएस, म्हणजे मशीन सुरू होताना आधी चढणारी छोटी फाइल सिस्टिम, नव्याने बनवावी लागते.

जीपीटीची शेवटची प्रत. डिस्क वाढली की शेवटी ठेवलेली तक्त्याची प्रत मध्येच अडकते. पार्टेड हे ओळखतो आणि फिक्स की इग्नोर असे विचारतो. फिक्स निवडले की प्रत खऱ्या शेवटाकडे जाते. एसजीडिस्कचा -ई हा पर्यायही हेच करतो. हा संदेश डेटा बिघडल्याचा नसतो. वाढवलेल्या डिस्कवर तो येणारच.

कर्नलकडे जुना तक्ता. तक्ता डिस्कवर लिहिला गेला, पण पार्टिशन वापरात असल्याने कर्नलने तो वाचण्यास नकार दिला, असेही होते. डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी हा त्याचा संदेश. पार्टप्रोब, किंवा पार्टएक्सचा -यू हा पर्याय, बहुतेक वेळा पुरतो. न पुरल्यास मशीन पुन्हा सुरू करावे. तोपर्यंत तक्त्यात दुसरा बदल करू नये. डिस्कवरची नोंद आणि कर्नलच्या डोक्यातली नोंद वेगळी असताना केलेला बदल कशावर झाला, ते सांगता येत नाही.

काठोकाठ भरलेली डिस्क. जागा संपली म्हणून वाढवायला बसावे, तर ग्रोपार्टलाच तात्पुरती फाइल ठेवायला जागा मिळत नाही आणि ते थांबते. अशा वेळी टेम्प या फोल्डरवर मेमरीतली छोटी टेम्पएफएस माउंट करायची. १० एमबी पुरतात. काम झाले की ती काढून टाकावी.

एमबीआरची कमाल मर्यादा. एमबीआरमध्ये सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत लिहितात. ५१२ बाइटच्या सेक्टरने हिशेब केला, तर २ टीबीच्या पलीकडची जागा नोंदवताच येत नाही. डिस्क ३ टीबीची केली, तरी पार्टिशन २ टीबीवर थांबते. उपाय म्हणजे तक्ता जीपीटीत रूपांतरित करणे. जुन्या बायोस पद्धतीने सुरू होणाऱ्या मशीनवर त्यासोबत ग्रब या बूटलोडरसाठी एक छोटे वेगळे पार्टिशनही लागते. म्हणून हे रूपांतर पूर्ण बॅकअपशिवाय करू नये.

६. एलव्हीएम असेल तर

रेड हॅट कुळातल्या आणि उबुंटू सर्व्हरच्या अनेक मांडण्यांत पार्टिशन आणि फाइल सिस्टिम यांच्यामध्ये एलव्हीएम हा आणखी एक थर असतो. तो पार्टिशनांची जागा एका सामायिक साठ्यात जमा करतो आणि त्यातून हवे तेवढे लॉजिकल व्हॉल्यूम काढून देतो. नेहमीच्या मांडणीत जागेचे वाटप ४ एमबीच्या तुकड्यांत होते.

येथे वाढवण्याचे टप्पे चार होतात: ग्रोपार्टने पार्टिशन, पीव्ही-रिसाइझने साठा, एलव्ही-एक्स्टेंडने व्हॉल्यूम आणि शेवटी फाइल सिस्टिम. एलव्ही-एक्स्टेंडला -आर हा पर्याय दिला की शेवटचे दोन टप्पे एकत्र होतात. व्हॉल्यूम वाढले, पण डीएफमध्ये फरक नाही, अशी तक्रार बहुतेक वेळा या -आरच्या अभावी असते.

उबुंटू सर्व्हर नुकताच बसवला आणि मोठ्या डिस्कचा काही भागच दिसतो, असाही अनुभव अनेकांना येतो. तिथे डिस्क आणि पार्टिशन दोन्ही पूर्ण असतात. इन्स्टॉलरने साठ्यातला काही भाग पुढच्या गरजेसाठी राखलेला असतो. व्हीजीएस या कमांडने शिल्लक दिसते आणि एका एलव्ही-एक्स्टेंडमध्ये काम संपते.

एलव्हीएमचा मोठा फायदा असा की लागून जागा असण्याची अट सुटते. मध्ये दुसरे पार्टिशन असेल, तर पलीकडच्या मोकळ्या जागेत नवे पार्टिशन करून ते साठ्यात टाकता येते. डिस्क लक्स पद्धतीने कुलूपबंद असेल, तर क्रिप्टसेटअपची रिसाइझ ही कमांड तेवढी मध्ये वाढते. क्रमाचा नियम तोच राहतो.

७. प्रत्येक फाइल सिस्टिमच्या मर्यादा

ईएक्सटी४ ही २००८ मध्ये लिनक्स कर्नलच्या २.६.२८ आवृत्तीत वापरास तयार म्हणून आली. ती माउंट असताना वाढते. लहान मात्र अनमाउंट केल्यावरच होते आणि त्याआधी संपूर्ण तपासणी सक्तीची असते. जुन्या पद्धतीने बनवलेल्या ईएक्सटी४ मध्ये ब्लॉकचा क्रमांक ३२ बिटांत असतो. ४,०९६ बाइटच्या ब्लॉकने तिची कमाल १६ टीबी होते. त्यापुढे वाढवायचे, तर ती आधी अनमाउंट करून ६४ बिटांची करावी लागते.

एक्सएफएस सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीत घडली आणि पुढे लिनक्समध्ये आली. २०१४ च्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७ पासून ती त्या प्रणालीची नेहमीची फाइल सिस्टिम आहे. ती वाढते, पण व्यवहारात लहान होत नाही. लहान एक्सएफएस हवी असेल, तर डेटा बाहेर काढून, नवी फाइल सिस्टिम बनवून तो परत भरावा लागतो. म्हणून तिला सुरुवातीला बेताची जागा देऊन गरजेप्रमाणे वाढवणे शहाणपणाचे. तिच्यासाठी एक्सएफएस-ग्रोएफएस ही वेगळी कमांड आहे आणि ती माउंट केलेल्या फोल्डरवर चालते. एक्सएफएसवर चुकून रिसाइझ-टू-एफएस चालवले, तर बॅड मॅजिक नंबर इन सुपरब्लॉक असा घाबरवणारा संदेश येतो. काही बिघडलेले नसते. कमांडला तिच्या ओळखीची फाइल सिस्टिम सापडली नाही, इतकाच त्याचा अर्थ. डीएफला -टी हा पर्याय मोठ्या अक्षरात दिला की कोणत्या प्रकारची फाइल सिस्टिम आहे ते कळते. कमांड निवडण्याआधी हे पाहून घ्यावे.

बीटीआरएफएस २०२० च्या फेडोरा ३३ पासून त्या प्रणालीच्या डेस्कटॉप आवृत्तीची नेहमीची फाइल सिस्टिम झाली. ती माउंट असतानाच मोठी होते आणि लहानही. विंडोजच्या एनटीएफएसला लिनक्समधून लहान करता येते, पण विंडोज पूर्ण बंद केलेले असेल तरच. फास्ट स्टार्टअप चालू असेल, तर विंडोज अर्धवट झोपेत राहते आणि लिनक्सची साधने नकार देतात. त्यामुळे विंडोजचे पार्टिशन विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून लहान करणे अधिक सुरक्षित.

८. लहान करणे: जोखमीचे काम

वाढवताना झालेली चूक बहुतेक वेळा दुरुस्त होते. लहान करताना झालेली चूक डेटावर येते. चालू प्रणालीचे मूळ पार्टिशन तिच्याच आतून अनमाउंट करता येत नाही, म्हणून ईएक्सटी४ साठी हे काम पेनड्राइव्हवरून सुरू केलेल्या लाइव्ह लिनक्समधून करावे लागते.

येथे सर्वाधिक घात होतो तो एककांच्या घोळाने. डिस्क विकणारे एक जीबी म्हणजे १,००,००,००,००० बाइट धरतात. लिनक्सची बरीच साधने १,०७,३७,४१,८२४ बाइट धरतात. या मोठ्या एककाला गिबिबाइट म्हणतात. ५०० जीबी म्हणून घेतलेली डिस्क ४६५ ची दिसते, ती यामुळेच. रिसाइझ-टू-एफएसला दिलेला जी म्हणजे गिबिबाइट. पार्टेडला दिलेला जीबी म्हणजे दशमान गिगाबाइट.

समजा, फाइल सिस्टिम ४० जी केली आणि मग पार्टिशन ४० जीबी केले. फाइल सिस्टिमचे ब्लॉक होतात १,०४,८५,७६०. पार्टिशनमध्ये मावतात ९७,६५,६२५. सुमारे सव्वासात लाख ब्लॉक, म्हणजे जवळजवळ पावणेतीन गिबिबाइट जागा, हद्दीबाहेर पडली. पुढच्या वेळी माउंट करताना बॅड जिऑमेट्री असा संदेश येतो आणि त्यात हेच दोन आकडे दिसतात. ई-टू-एफएससीके ही तपासणीची कमांड सुपरब्लॉक आणि पार्टिशन तक्ता यांचे आकार जुळत नसल्याचे सांगून थांबायचे का, असे विचारते. उत्तर हो, म्हणजे थांबायचे. पुढे जाण्याची परवानगी दिली, तर ती आवाक्यात नसलेल्या ब्लॉकांची दुरुस्ती करू पाहील आणि फायली तुटतील. बाहेर पडलेल्या जागेवर अजून कोणी काही लिहिले नसेल, तर पार्टिशनचा शेवट पूर्वीच्या जागी नेला की सगळे परत मिळते.

पार्टेडची आणखी एक खाच आहे. त्याच्या रिसाइझपार्ट कमांडला पार्टिशनचा आकार न देता त्याच्या शेवटाचे डिस्कवरचे स्थान द्यायचे असते. १० व्या गिबिबाइटला सुरू होणाऱ्या पार्टिशनला ४० असे सांगितले, तर ते ४० चे न होता ३० चे होते.

दोन्ही चुका टाळणारी रीत अशी. पार्टिशन ४० चे हवे असेल, तर आधी ई-टू-एफएससीके -एफने फाइल सिस्टिम तपासावी. रिसाइझ-टू-एफएसच्या मोठ्या -पी पर्यायाने ती कमीत कमी किती होऊ शकते ते पाहावे. मग ती ४० ऐवजी ३८ करावी. पार्टेडमध्ये एकक गिबिबाइट निवडून पार्टिशनचा शेवट ठरवावा. सगळे झाल्यावर रिसाइझ-टू-एफएस आकार न देता पुन्हा चालवावे. ते फाइल सिस्टिमला पार्टिशनच्या काठापर्यंत अचूक पोहोचवते. दोन गिबिबाइटची ही मोकळीक हिशेबातली चूक पोटात घेते.

जीपार्टेड हे चित्रमय साधन हा सगळा क्रम आपोआप सांभाळते, म्हणून नवख्यांनी तेच वापरावे. पार्टिशनशेजारी कुलपाचे चित्र दिसले, तर ते माउंट आहे किंवा ते स्वॅप चालू आहे, असे समजावे. पार्टिशनची सुरुवात डावीकडे किंवा उजवीकडे सरकवणे मात्र शक्यतो टाळावे. शेवट सरकवताना बहुतेक फक्त नोंदी बदलतात. सुरुवात सरकवताना संपूर्ण डेटा उचलून पुन्हा लिहावा लागतो. मोठ्या डिस्कवर त्याला काही तास लागतात आणि मध्येच वीज गेली, तर अर्धा डेटा जुन्या जागी आणि अर्धा नव्या जागी राहतो.

९. चुकलेच तर

चूक लक्षात येताच पहिला नियम: डिस्कवर आणखी काही लिहू नये. मशीन लाइव्ह पेनड्राइव्हवरून सुरू करावे आणि शक्य असल्यास संपूर्ण डिस्कची प्रत दुसऱ्या डिस्कवर घेऊन प्रयोग त्या प्रतीवर करावेत.

तक्ता चुकीचा लिहिला गेला असेल, तर काम सुरू करण्याआधी एसएफडिस्कच्या -डी पर्यायाने काढलेली त्याची मजकुरी नक्कल उपयोगी पडते. तीच फाइल एसएफडिस्कला परत दिली की जुना तक्ता जसाच्या तसा बसतो. नक्कल नसेल, तर टेस्टडिस्क हा प्रोग्रॅम डिस्कभर फाइल सिस्टिमच्या खुणा शोधून जुन्या हद्दी सुचवतो.

फाइल सिस्टिमचा पहिला सुपरब्लॉक बिघडला असेल, तर ईएक्सटी४ त्याच्या प्रती ठरावीक जागी ठेवते. ४,०९६ बाइटच्या ब्लॉकसाठी पहिली प्रत ३२,७६८ व्या ब्लॉकवर आणि दुसरी ९८,३०४ व्या ब्लॉकवर असते. ई-टू-एफएससीकेला -बी पर्यायाने हा क्रमांक दिला की ती प्रतीवरून काम सुरू करते. त्याआधी पार्टिशनची सुरुवात बरोबर आहे ना, हे नक्की तपासावे. सुरुवातच चुकली असेल, तर या प्रतीही अपेक्षित जागी सापडणार नाहीत.

१०. जागा दिसते, तरी नो स्पेस लेफ्ट

कधी कधी सगळे थर जुळलेले असतात आणि तरी नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस हा संदेश येतो. अशा वेळी डिस्क वाढवण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली, आयनोड. प्रत्येक फायलीला एक आयनोड लागतो आणि ईएक्सटी४ मध्ये त्यांची संख्या ठरलेली असते. लाखो चिमुकल्या फायली साठल्या, तर ब्लॉक शिल्लक असूनही आयनोड संपतात. डीएफ -आयने ते दिसते. दुसरी, राखीव जागा. ईएक्सटी४ नेहमीच्या मांडणीत पाच टक्के जागा रूट या प्रशासक खात्यासाठी ठेवते. नुसत्या डेटासाठीच्या मोठ्या डिस्कवर ट्यून-टू-एफएसने ती कमी करता येते. तिसरी, काढून टाकलेली पण अजून उघडी असलेली फाइल. एखाद्या सेवेची मोठी लॉग फाइल पुसली, तरी ती सेवा चालू असेपर्यंत जागा सुटत नाही. एलएसओएफला +एल१ हा पर्याय मोठ्या अक्षरात दिला की अशा फायली दिसतात, आणि सेवा पुन्हा सुरू केली की जागा मोकळी होते.

११. कामाला बसण्याआधी

महत्त्वाच्या डेटाचा बॅकअप दुसऱ्या डिस्कवर घ्यावा आणि त्यातली एखादी फाइल उघडून पाहावी. न उघडणारा बॅकअप हा बॅकअप नव्हे. एसएफडिस्कने तक्त्याची नक्कल काढून ती त्याच मशीनवर न ठेवता बाहेर ठेवावी. एलएसबीएलके आणि डीएफ यांचे आकडे लिहून घ्यावेत, फाइल सिस्टिमचा प्रकार पाहावा आणि वाढवायचे की कमी करायचे, त्याप्रमाणे टप्प्यांचा क्रम कागदावर मांडावा. लॅपटॉप असेल, तर चार्जर लावून ठेवावा. प्रत्येक टप्प्यानंतर तीन आकडे पुन्हा पाहावेत आणि ते अपेक्षेप्रमाणे नसतील, तर पुढची कमांड देऊ नये. व्हर्च्युअल मशीनवर स्नॅपशॉटचा मोह होतो, पण स्नॅपशॉट असताना अनेक प्रणाली डिस्कचा आकार बदलू देत नाहीत, आणि मूळ डिस्क बिघडली तर स्नॅपशॉटही तिच्याबरोबर जातो. म्हणून स्वतंत्र बॅकअप घेतल्याशिवाय, विशेषतः लहान करण्याच्या कामाला, कोणीही हात घालू नये.